१९६५ ची एमजीबी : गावात थंड, हायवेला तापते. काय तपासू?

डर्बीकर

नमस्कार मंडळी. इंग्लंडात डर्बीला असतो. गेल्या ऑक्टोबरात १९६५ ची एमजीबी रोडस्टर (जुनी ब्रिटिश उघडी स्पोर्ट्स कार) घेतली. १७९८ सीसी, पाच बेअरिंगचं इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर, ओव्हरड्राइव्ह (वेगात इंजिन कमी फिरवणारा जादा गिअर) नाही. हिवाळाभर झाकून ठेवली होती, एप्रिलपासून चालवतोय.

त्रास असा. गावात, सिग्नलला, अगदी शाळा सुटायच्या वेळच्या गर्दीतसुद्धा तापमानाचा काटा मधोमध. एम-वन हायवेला लागून ७० मैलांच्या वेगानं गेलो की पंधरा-वीस मिनिटांत काटा उजवीकडे सरकायला लागतो आणि खाली येतच नाही. वेग ५० वर आणला की हळूहळू उतरतो.

परवा बाबांना घेऊन लीड्सला निघालो होतो. बाबा-आई पुण्याहून आलेत. लीड्सला बाबांचे कॉलेजातले मित्र असतात, चाळीस वर्षांनी भेटणार होते. गाडी दोन सीटची, म्हणून आई म्हणाली तुम्ही दोघंच जा. टिबशेल्फ सर्व्हिसेसला (हायवेवरचा थांबा) पोचेपर्यंत काटा टोकाला, बॉनेटखालून सूं सूं आवाज आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून पाण्याची धार. पाऊण तास थांबलो, पाणी भरलं, आणि गावागावांतून हळू परत आलो. बाबा काही बोलले नाहीत, पण मित्राला फोन करून "आज जमत नाही रे" म्हणाले ते ऐकवलं नाही.

आतापर्यंत बदललेलं : रेडिएटर (नवा, दोनशे पौंडांच्या वर गेले), थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह), रेडिएटर कॅप. फरक शून्य. आता वॉटर पंप बदलू की इलेक्ट्रिक पंखा बसवू? ऑर्डर टाकायच्या आधी इथे विचारतोय.

घाटवाट

आधी ऑर्डर थांबवा.

पंख्याचं काम गाडी उभी असताना किंवा रांगत असताना. ७० मैलांचा वेग म्हणजे ताशी ११० किलोमीटरच्या वर, तेव्हा समोरून येणारा वारा कुठल्याही पंख्यापेक्षा जास्त असतो. तुमची गाडी गर्दीत थंड राहते म्हणजे पंखा ठणठणीत आहे. इलेक्ट्रिक पंखा बसवून हायवेवर काडीचा फरक पडणार नाही.

माझा साधा हिशोब : उभी असताना तापली तर हवा बघायची. पळताना तापली तर पाणी बघायचं, म्हणजे पाणी फिरतंय का, कुठे अडतंय, खालचा होज चेपतोय का. खालचा होज पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. जुना रबर मऊ पडला की जास्त आरपीएमला आतल्या आत चपटा होतो आणि गाडी उभी केली की परत गोल. त्यात आत तारेची स्प्रिंग आहे का बघा.

सोनचाफा

रंग कुठला? फोटो टाका ना!

डर्बीकर

@सोनचाफा, गर्द हिरवा. आत काळ्या लेदरच्या सीटा, लाल पायपिंग. फोटो उद्या टाकतो.

@घाटवाट, होज बघतो. ओव्हरड्राइव्ह नसल्यामुळे ७० ला इंजिन ३९०० आरपीएमच्या आसपास फिरतं, तेव्हा ओढ चांगलीच असणार.

मिरजेचा पाना

डर्बीकर, तुमच्या गाडीचं इंजिन आमच्या ओळखीचं आहे बगा. ॲम्बॅसेडरला जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन यायचं ते बीएमसीचं बी-सिरीज. एमजीबीचं १७९८ तेच घराणं, थोरला भाऊ. वडिलांच्या गॅरेजात मी आठवीत असल्यापासून ही इंजिनं खोललीत. उत्तरपाड्याहून आलेली असो नाहीतर इंग्लंडची, आतली चाल एकच.

या इंजिनाचं दुखणं मागं असतंय, चार नंबरच्या सिलिंडरपाशी. पंप पुढं. पाणी पुढून आत जातं, कचरा मात्र मागं जाऊन बसतो. गंज, कास्टिंगची माती, कुणीतरी लीकेज बंद करायला टाकलेली पावडर, सगळं तिथं. नवा रेडिएटर लावून ते जात नाही. ब्लॉकला डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) बाजूला, मागच्या अंगाला, पाणी सोडायचा छोटा नळ असतो. तो उघडा. धो धो पाणी आलं तर आत साफ. नुसता ठिपका आला किंवा काहीच आलं नाही, तर आत गाळ आहे. तार घालून खोदा.

रेवती_नाशिक

इग्निशन टायमिंग (ठिणगी कधी पडते ते) कुणी बघितलंय का? संथ चालतानाचं नाही, ३००० आरपीएमचं.

बॉयलरवाला

मी रसायन कारखान्यात बॉयलर सांभाळतो, त्यामुळे माझा पहिला प्रश्न नेहमी एकच : मीटर खरं बोलतोय कशावरून?

१९६५ च्या गाडीत ऑइल प्रेशर आणि तापमान एकाच गोल डायलमध्ये असतं. तापमानाचा भाग विजेचा नाही. सिलिंडर हेडमध्ये एक बल्ब, तिथून केसासारखी बारीक तांब्याची नळी डॅशबोर्डापर्यंत, आत उडणारा द्रव. साठ वर्षांचं ते यंत्र दहा अंश इकडेतिकडे दाखवू शकतं. पण बल्ब काढून उकळत्या पाण्यात बुडवून बघायच्या फंदात लगेच पडू नका. बाहेरचं नट गंजून नळीला चिकटलेलं असतं, पाना फिरवला की नळीपण पिळते आणि तुटते. मग आख्खा मीटर गेला.

त्यापेक्षा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, स्वस्तात मिळतो. थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर काळी चिकटपट्टी लावा आणि त्या पट्टीवर नेम धरा. उघड्या चकचकीत धातूवर धरलात तर तो खूप कमी आकडा दाखवतो. गावात फिरून आल्यावर एक आकडा, हायवेवरून सर्व्हिसेसला थांबल्या थांबल्या दुसरा.

आता कॅपबद्दल. पाणी १०० ला उकळतं ते समुद्रसपाटीला आणि उघड्यावर. महाबळेश्वरला ते ९५-९६ लाच उकळतं. बंद रेडिएटरमध्ये दर एक पौंड दाबामागे उकळबिंदू दीड अंशाच्या थोडा वर सरकतो. म्हणजे ७ पौंडांच्या कॅपला साधारण १११, १० पौंडांच्या कॅपला ११५ च्या पुढे. कॅपची रबर वॉशर नीट बसली नाही की हा सगळा दाब पळून जातो आणि पाणी आधीच बाहेर. नवी कॅप घेतलीत, पण तिच्या आतल्या दांड्याची लांबी रेडिएटरच्या मानेशी जुळते का? लांब मानेवर आखूड कॅप बसते, घट्ट वाटते आणि दाब मात्र धरत नाही.

अँटिफ्रीझ किती टाकलंय? निम्मंनिम्म असेल तर ठीक. पुष्कळ लोक "जास्त टाकलं तर बरं" म्हणून नुसतं अँटिफ्रीझच ओततात. ग्लायकोल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं. निम्म्या मिश्रणाचीच क्षमता पाण्याच्या सहा भागांतल्या पाच भागांवर येते.

तात्या_दादरकर

एवढं कशाला. थर्मोस्टॅट काढून फेका. आमच्या फियाटला आयुष्यात थर्मोस्टॅट नव्हता. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडल्यावर पहिल्या सर्व्हिसिंगलाच मिस्त्रीने काढून हातात दिला होता. मुंबई-पुणे शेकडो वेळा केलं.

बॉयलरवाला

@तात्या, मुंबईच्या हवेत चालून गेलं. डर्बीच्या हिवाळ्यात इंजिन ५० अंशांवरच घुटमळेल. ऑइल पातळ होत नाही, आतली वाफ ऑइलमध्ये मिसळून पांढरट साय धरते, पेट्रोल जास्त जातं, सिलिंडर झिजतात. या गाडीला मूळ ८२ अंशांचा आहे, गरम हवेसाठी ७४ चा मिळतो. तोही बदलून मूळ दोष जात नाही. थर्मोस्टॅट ठरवतो की इंजिन किमान किती गरम राहील. कमाल किती तापेल ते त्याच्या हातात नाही, तो पूर्ण उघडला की त्याचं काम संपलं.

घाटवाट

+१. शिवाय थर्मोस्टॅट काढल्यावर "पाणी इतकं जोरात पळतं की त्याला थंड व्हायला वेळच मिळत नाही" असंही सांगतात, तेही खरं नाही. पाणी जितकं जास्त फिरेल तितकी उष्णता जास्त जाते.

तात्या_दादरकर

मग थर्मोस्टॅट काढल्यावर गाड्या तापल्याचं मी डोळ्यांनी पाहिलंय ते काय?

बॉयलरवाला

तेही होतं, पण कारण निराळं. थर्मोस्टॅटच्या तोंडाशी वाट अरुंद असते, त्यामुळे पंप ब्लॉकमध्ये थोडा जास्त दाब धरून ठेवतो. तो दाब गेला की एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास, जिथे धातू सगळ्यात तापलेला असतो, तिथे पाण्याचे बारीक बुडबुडे धरतात. बुडबुड्याखालच्या धातूला पाणी लागतच नाही. तुमचं निरीक्षण बरोबर आहे तात्या, वेगाची गोष्ट तेवढी बरोबर नाही.

तात्या_दादरकर

हे पटलं. तीस वर्षं चुकीचं कारण सांगत होतो.

सह्यकडा

गाडी तापण्यावरून खंडाळ्याचा घाट आठवला. एक्सप्रेसवे व्हायच्या आधीचे दिवस. मे महिन्यात वळणावळणावर बॉनेट उघडून उभ्या फियाटी आणि ॲम्बॅसेडर, प्रत्येकीसमोर एक काका हातात प्लॅस्टिकचा कॅन घेऊन. आमच्या डिकीत दोन कॅन कायम : एक गाडीचा, एक पिण्याचा. आजी दरवेळी विचारायची, "यातला गाडीचा कुठला?"

एकदा मात्र वाईट झालं. मामाने तापलेल्या रेडिएटरची कॅप उघडली. हातात फडकं होतं, पण एका झटक्यात पूर्ण फिरवली. उकळतं पाणी कारंज्यासारखं वर आलं. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलून निघाली. खोपोलीला दवाखान्यात नेईपर्यंत ते ओरडलेसुद्धा नाहीत, नुसते थरथरत होते. मी दहा वर्षांचा होतो. डर्बीकर, टिबशेल्फला पाऊण तास थांबलात ते फार बरं केलंत. वरच्या होजला हात लावून बघायचा. सहन होत नसेल तर कॅपला हात लावायचाच नाही.

मिरजेचा पाना

आणि पाणी भरताना इंजिन चालू ठेवून सावकाश भरा. तापलेल्या लोखंडावर गार पाण्याची बादली ओतली की हेडला तडा. आमच्याकडं लग्नाच्या हंगामात अशी दोन-तीन हेडं यायचीच. वऱ्हाड घाईत, ड्रायव्हर घाईत.

डर्बीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार यातच घालवला. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते, आकडे वहीत तेच लिहीत होते.

१. खालचा होज नवाच निघाला, आत स्प्रिंग आहे. ३५०० ला रेस करून पाहिलं, चेपत नाही.

२. कॅप : @बॉयलरवाला, दांडी जुळते. आधीच्या मालकाने अँटिफ्रीझ घट्टच ठेवलं होतं, आता निम्मंनिम्म करणार.

३. थर्मामीटर, काळ्या पट्टीवर. गावात अर्धा तास फिरून ८४. हायवेवरून टिबशेल्फला शिरताच १०६. म्हणजे मीटर खरं बोलतोय. बॉनेट उघडल्याबरोबर तोंडावर आलेला झोत नेहमीचा नव्हता; एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) बाजूने भट्टीसारखी धग होती.

४. @मिरजेचा पाना, मिस्त्री, तुमचा नळ! उघडला तर काहीच नाही. टिपूससुद्धा नाही. नळाचं तोंड पूर्ण काढून तार घातली. पहिल्यांदा तार अर्ध्या इंचावरच थांबली. फिरवत, टोचत बसलो. मग पिठाच्या कणकेसारखं काहीतरी तुटलं आणि चॉकलेटी चिखल हातावर आला. खाली ठेवलेल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये वाटीभर गाळ जमला, त्यात गंजाचे पापुद्रे, बोटांत चुरल्यावर वाळूसारखे. बागेची नळी लावून पाणी उलट्या दिशेने सोडत राहिलो. स्वच्छ पाणी यायला तासभर लागला.

रविवारी परत हायवे. या वेळी १०६ ऐवजी १०१. सुधारलं, पण चढणं थांबलं नाही. अजून दहा मिनिटं गेलो असतो तर परत तेच.

मिरजेचा पाना

वाटीभर! मग बरोबर. पण पाचच अंश उतरलं म्हणजे आणखी कायतरी आहे. हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) बगा. रेडिएटरची कॅप काढून (गार असताना!) इंजिन चालू करा, पाण्यात सतत बुडबुडे येतायत का.

बॉयलरवाला

त्यासाठी निळ्या द्रवाची चाचणी मिळते. रेडिएटरच्या तोंडातली हवा त्या द्रवातून ओढायची. जळलेला गॅस पाण्यात येत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने निळा रंग पिवळा होतो. ब्रोमोथायमॉल ब्लू. शाळेत फुंकर मारून करायचो तोच प्रयोग.

डर्बीकर

केली. निळा तो निळाच राहिला. बाबांनी दहा मिनिटं डोळे लावून पाहिला.

आता खरंच पंपाची ऑर्डर टाकायची वेळ आली असं वाटतंय.

रेवती_नाशिक

थांबा, थांबा. माझा वरचा प्रश्न राहिलाच. टायमिंग.

माझ्याकडे बाबांची पद्मिनी आहे आणि एक येझदी. दोन्हींचं टायमिंग मीच लावते. येझदीचं पॉइंट (ठिणगी पाडणारा छोटा स्विच) थोडं उशिरा लागलं की सायलेन्सर निळा पडतो आणि इंजिनावर हात ठेववत नाही. तुमच्या गाडीचं लक्षण मला पहिल्या दिवसापासून तेच वाटतंय, आणि आता मॅनिफोल्डच्या धगीचं वाचून तर जास्तच.

जरा सविस्तर लिहिते. ठिणगी पडल्यावर आतलं मिश्रण एकदम भडकत नाही, पेटत जातं, त्याला वेळ लागतो. ८०० आरपीएमला एक मिलिसेकंदात क्रँक पाच अंशसुद्धा फिरत नाही. ३९०० ला त्याच मिलिसेकंदात २३ अंश फिरतो. म्हणून वेग वाढला की ठिणगी आधी पडायला लागते. ते काम डिस्ट्रिब्युटरच्या आतली दोन छोटी वजनं करतात. फिरण्याच्या जोराने ती बाहेर फेकली जातात आणि कॅम पुढे ढकलतात. शिवाय बाहेर एक पत्र्याची डबी असते, तिच्यात रबरी पडदा. कार्ब्युरेटरकडून ओढ आली की तीही ठिणगी आणखी आधी पाडते. हायवेवर एका लयीत जाताना या दोन्हींची गरज सगळ्यात जास्त.

वजनं गंजून अडकली असतील तर? गावात कमी आरपीएमला काही कळणार नाही, गाडी छान चालेल. हायवेवर ठिणगी उशिरा. पिस्टन खाली निघाला तरी आत जाळ चालूच, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हाही. जी उष्णता गाडी ढकलण्यात जायला हवी ती व्हॉल्व्ह, हेड आणि तिथल्या पाण्यात जाते. रेडिएटर सोन्याचा लावलात तरी तो बिचारा काय करणार?

बघायला पैसे लागत नाहीत. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा, रोटर बोटांनी त्याच्या फिरण्याच्या दिशेने (तुमच्याकडे घड्याळाच्या उलट) हलकेच पिळा आणि सोडा. थोडा फिरून स्प्रिंगने टचकन मागे यायला हवा. मग त्या डबीची नळी कार्ब्युरेटरच्या टोकाकडून काढून तोंडाने ओढा. आतली पाटी सरकलेली दिसली पाहिजे आणि जीभ लावून धरली की तिथेच राहिली पाहिजे.

घाटवाट

रेवतीताई, हे आधी वाचून सोडून दिलं, माझी चूक. "पळताना तापली तर पाणी बघा" मध्ये ठिणगी राहून गेली.

सोनचाफा

फोटो अजून आला नाही हं.

डर्बीकर

(फोटो खाली टाकलाय, बाबांसकट.)

रेवतीताई, काय सांगू. रोटर पिळला. फिरलाच नाही. जोर लावल्यावर करकरत जरासा हलला आणि तिथेच राहिला, मागे आला नाही. नळी तोंडात धरून ओढली तर दूध पिताना फाटक्या स्ट्रॉमधून येते तशी नुसती हवा.

खात्री म्हणून स्ट्रोबने (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) मोजायचं ठरवलं. या गाडीचे टायमिंगचे दाते पुलीच्या खालच्या बाजूला आहेत, वरून दिसतच नाहीत. गाडी स्टँडवर घेऊन खाली उताणा झोपलो, नाकापासून हातभर अंतरावर पट्टा आणि पंखा फिरतोय. शर्टाच्या बाह्या बांधून घेतल्या होत्या. पुलीवरच्या खाचेत आईच्या नेलपॉलिशचा पांढरा ठिपका. बॅटऱ्या सहा-सहा व्होल्टच्या दोन, त्याही सीटच्या मागे गाडीच्या तळपत्र्याखाली, तिथून स्ट्रोबच्या वायरी पुढे पोचेनात. शेजाऱ्याची बारा व्होल्टची बॅटरी बाहेर ठेवून त्यावर स्ट्रोब चालवला. बाबा आत बसून आरपीएम धरत होते आणि मोठ्याने आकडा सांगत होते.

संथ चालताना १२ अंश. ३००० ला १७.

रेवती_नाशिक

१७!! तिथे साधारण ३० च्या पुढेमागे पाहिजे, तेही डबीची नळी काढून. सापडलं.

डिस्ट्रिब्युटर बाहेर काढायच्या आधी रोटर कुठल्या दिशेला आहे त्याची खूण अंगावर करून ठेवा, फोटो काढा. खालची पाटी उचला. वजनांच्या खिळ्यांवर जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असेल. रॉकेलमध्ये रात्रभर ठेवा, ब्रशने घासा, मग ग्रीस नाही, पातळ ऑइलचा एकेक थेंब. आणि दोन्ही स्प्रिंगा सारख्या नसल्या तर घाबरू नका, एक बारीक आणि एक जाड अशाच असतात. ओढून एकसारख्या करायला जाऊ नका.

तात्या_दादरकर

नाशिकच्या पोरीने डर्बीची गाडी बरी केली. शाब्बास. रेवती, आमच्या जुन्या फियाटचं आता ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलवर काय करायचं तेवढं सांग. रबरी नळ्या चिकट व्हायला लागल्यात.

रेवती_नाशिक

तात्या, नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घालून घ्या, उशीर करू नका. कार्ब्युरेटरचं मिश्रण थोडं श्रीमंत (पेट्रोल जास्त, हवा कमी) करावं लागेल, इथेनॉलमुळे ते पातळ पडतं. बाकीचं वेगळ्या धाग्यात बोलू, इथे डर्बीकरांचं चालू दे.

बॉयलरवाला

डर्बीकरांनाही तेच लागू. इंग्लंडात सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई-१० झालंय. जुन्या गाडीला महागातलं ई-५ घाला. प्लग काढून बघा : बिस्किटी रंग असेल तर मिश्रण ठीक, पांढराफटक असेल तर पातळ. पातळ मिश्रणही तापवतं.

डर्बीकर

प्लग बिस्किटी आहेत, एक नंबरचा किंचित फिका. ई-५ च घालतो.

डिस्ट्रिब्युटर उघडला. एक वजन खिळ्याला गंजून बसलेलं, दुसरं ग्रीसमध्ये रुतलेलं. रॉकेलच्या वाटीत रात्रभर. सकाळी बाबांनी जुन्या दातांच्या ब्रशने घासलं. मी चहा घेऊन आलो तेव्हा ते वजन बोटाने बाहेर ढकलत होते, सोडत होते, परत ढकलत होते. "बघ, येतंय मागे," म्हणाले. नवी व्हॅक्यूमची डबी मंगळवारी टपालाने आली. पॉइंटची फट पंधरा थाऊ (इंचाचे हजारावे भाग) लावली, सगळं खुणेवर परत बसवलं. परत गाडीखाली.

संथ चालताना १४. ३००० ला, डबीची नळी काढून, ३१. डबीची नळी लावली तर त्याच्याही पुढे जातं.

मिरजेचा पाना

आता चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन बगा. खडखड असा दाणे हलल्यासारखा आवाज आला तर दोन अंश मागं घ्या. जास्त आधी ठिणगी पडली तर तेबी वाईट, पिस्टन फुटतो.

डर्बीकर

मिस्त्री, मॅटलॉकच्या चढावर दोनदा गेलो. आवाज नाही.

आणि आज हायवे. बाहेर २६ अंश, म्हणजे त्या दिवसापेक्षा दोन जास्तच. ७० मैलांवर टिबशेल्फपर्यंत. काळी पट्टी : ८९. बाबांनी वहीत लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. मग थांबलोच नाही, तसेच पुढे गेलो. लीड्सला पोचलो तेव्हा काका गेटपाशी उभे होते. दोघं आधी एकमेकांकडे बघत राहिले आणि मग पहिलं वाक्य बाबांचं : "पाणी टाकावं लागलं नाही."

तिथून परत येताना ९० च्या वर गेला नाही.

सह्यकडा

वा! वाचून डोळ्यांत पाणी आलं राव.

सोनचाफा

फोटो पाहिला. हिरवा रंग काय सुरेख आहे! आणि बाबांच्या मांडीवरची वही. पुढच्या वेळी आईंना न्या.

डर्बीकर

@सोनचाफा, उद्याच. आई म्हणतेय बेकवेलला जाऊ.

@रेवतीताई, एक राहिलं. हे वजनांना ऑइल परत किती दिवसांनी घालायचं?

रेवती_नाशिक

पाचेक हजार किलोमीटरला रोटर काढून शाफ्टच्या वरच्या टोकाला दोन थेंब, पाटीच्या भोकातून वजनांना एक. पॉइंटवर सांडू देऊ नका. आणि दर हिवाळ्यात झाकून ठेवायच्या आधी रोटर पिळून बघा.